गोमती नावाची बोट आणि मी कापलेले पत्र

लखनौत राहणाऱ्या आपल्या मंडळींना गोमती म्हटले की हनुमान सेतू आठवतो, घाट आठवतात, संध्याकाळचे फिरणे आठवते. मला मात्र आधी एक बोट आठवते. नोकरीनिमित्त मी या गावात आलो त्याच्या कितीतरी आधी, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, गोमती हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते माझ्या मामाच्या पत्रातून.

मामा मुंबईत माझगाव डॉकमध्ये पाइप फिटर होता. "आमच्याकडे सध्या गोमती आहे" असे तो लिहायचा, आणि माझी आजी विचारायची, "कोण रे ही गोमती?" आईला हसू आवरायचे नाही.

ही गोमती म्हणजे भारतीय नौदलाची आयएनएस गोमती. गोदावरी वर्गातील तीन फ्रिगेटपैकी ही तिसरी. फ्रिगेट म्हणजे विनाशिकेची धाकटी बहीण म्हणा. गोदावरी १९८३ साली, गंगा १९८५ साली आणि गोमती १६ एप्रिल १९८८ रोजी नौदलात दाखल झाली. त्या वेळचे संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांच्या हस्ते तो समारंभ झाला. तिन्ही बोटी माझगाव डॉकच्याच. याच गोदीत त्याआधी ब्रिटिश लिअँडर नमुन्यावर नीलगिरी वर्गाच्या बोटी बांधल्या गेल्या होत्या. तो आराखडा आपल्या नौदलाच्या लोकांनी वाढवला, लांबी वाढवली आणि दोन सी-किंग हेलिकॉप्टर मावतील अशी बोट तयार केली. क्षेपणास्त्रे रशियन, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा काही युरोपातली, काही आपली. एवढ्या निरनिराळ्या घरच्या वस्तू एका संसारात बसवणे हे सोपे काम नव्हे, हे आम्हा कारखान्यातल्या माणसांना सांगायला नको.

रेल्वेच्या भाषेत सांगतो. बोटीची लांबी सुमारे १२६ मीटर, म्हणजे आपले जुने आयसीएफचे पावणेसहा डबे एकामागे एक. पूर्ण भारासह वजन सुमारे ३,८५० टन, म्हणजे भरलेल्या ४७ बॉक्सएन वाघिणी. ताकद ३०,००० अश्वशक्ती, म्हणजे साडेअकरा डब्ल्यूडीएम-२ इंजिने. आणि ही सगळी ताकद वाफेची! दोन बॉयलर, दोन टर्बाइन. आपल्याकडे वाफेची इंजिने शेडमध्ये शेवटचे दिवस मोजत होती, तेव्हा समुद्रावर ही नवी वाफेची बोट निघाली होती. वाफ म्हणजे पाइप, आणि पाइप म्हणजे आमचा मामा.

गोमतीने ३४ वर्षे सेवा केली. दाखल झाल्यावर सातव्याच महिन्यात, नोव्हेंबर १९८८ मध्ये, मालदीवमधील बंड मोडण्यासाठी 'ऑपरेशन कॅक्टस' झाले. त्यात पळून जाणारे जहाज अडवण्याचा मान थोरल्या बहिणीला, गोदावरीला मिळाला, पण नौदलाच्या नोंदीत त्या मोहिमेत गोमतीचेही नाव आहे. २००१-०२ चे 'पराक्रम' आणि २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेला मदत पोचवणारे 'रेनबो' याही मोहिमांत ती होती. २००७-०८ आणि २०१९-२० अशी दोनदा तिला युनिट सायटेशन मिळाले. २८ मे २०२२ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत सूर्यास्ताच्या वेळी तिचा ध्वज शेवटचा उतरवला गेला. ज्या मुंबईत जन्म, त्याच मुंबईत निरोप. आणि तिच्या शस्त्रयंत्रणांचे काही भाग लखनौत गोमतीकाठच्या खुल्या संग्रहालयात मांडायचे, असा करार उत्तर प्रदेश सरकार व नौदल यांच्यात झाला. म्हणजे मामाची बोट माझ्या गावी यायची ठरली!

आता दुसरा विषय, पोस्टाच्या शिक्क्यांचा. युद्धनौकांचे शिक्के जमवणारे लोक जगभर आहेत. अमेरिकेत १९०८ पासून युद्धनौकांवर पोस्ट ऑफिसे आली. शिक्क्यात बोटीचे नाव असे, आणि शिक्क्याच्या आडव्या पट्ट्यांमध्ये कधी कधी बोट कुठल्या बंदरात आहे तेही छापलेले असे. १९३२ साली अशा संग्राहकांची तिथे संस्था निघाली. पुढे युद्धात उतरल्यावर अमेरिकेने शिक्क्यातून बोटींची नावेच काढून टाकली, कारण पाकिटावरचा शिक्का म्हणजे शत्रूला आयता पत्ता!

आपल्याकडे गोष्ट पहिल्यापासून वेगळी. बोटीवरच्या माणसाला पत्र लिहायचे तर बोटीचे नाव आणि खाली 'मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' असा पत्ता. सैन्याच्या फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यावर तर गावाचे नाव नसते, नुसता क्रमांक. हे सगळे पाहणाऱ्या आर्मी पोस्टल सर्व्हिसचे केंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एखादी बोट दाखल होताना किंवा निवृत्त होताना विशेष लिफाफाही काढतात. 'राजपूत' ही विनाशिका ४१ वर्षांच्या सेवेनंतर २१ मे २०२१ रोजी विशाखापट्टणमला निवृत्त झाली, तेव्हा असा लिफाफा निघाला होता. १९६८ च्या नौदल दिनाच्या तिकिटावर नीलगिरी आहे, तर २००० साली खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यावर तिकीट निघाले. मुल्ला हे याच प्रांताचे, गोरखपूरचे.

लहानपणी मलाही तिकिटांचे वेड होते. गोमती निवृत्त झाल्याची बातमी वाचली आणि मी आईच्या ट्रंकेत मामाची पत्रे शोधायला बसलो. मामा २०१४ सालीच गेला. एप्रिल १९८८ चे निळे इनलँड सापडले. "ती. सौ. ताईस शि. सा. न." अशी सुरुवात. पुढे लिहिले होते की काल बोट नेव्हीला दिली, आम्ही लांबून पाहिली, माझ्या डोळ्यांत पाणी आले, कुणाला सांगू नकोस. आणि मग, "या बोटीवर माझ्याबरोबर जे जे होते ते म्हणजे..." पुढे भोक!

ते भोक मीच पाडले होते. आठ वर्षांचा असताना छापील तिकिटासाठी ब्लेडने कोपरा कापला. तिकिटाच्या पाठीमागे मामाने आपल्या सोबत्यांची नावे लिहिली होती, ती गेली. शिक्काही अर्धाच राहिला. १८ तारीख आणि एप्रिल दिसतो, वर्ष कापले गेले. रविवारी लिहिलेले पत्र सोमवारी निघाले असणार. कापलेले तिकीट कुठे गेले, मला आठवतही नाही. आईला विचारले तर म्हणाली, "तुला तेव्हा ओरडले होते मी. पण पत्र टाकवले नाही."

जाणकार संग्राहक या पत्राचे चार आणेही देणार नाही. समारंभाची तारीख नाही, विशेष शिक्का नाही, वर कापलेले. पण बोट कोणत्या मंत्र्याने दाखल केली हे कुठेही वाचायला मिळते. तिचे पाइप कोणी जोडले, हे त्या दोन बोटे रुंद कागदावर लिहिलेले होते, आणि आता सांगायला मामा नाही. संग्रहालयात तोफ ठेवता येते, ती नावे कुठून आणायची?

म्हणून आपल्या मंडळींना एक विनंती. आपल्यापैकी कितीतरी घरांतले कोणी ना कोणी नौदलात, सैन्यात, गोदीत किंवा रेल्वेत होते. त्यांची पत्रे ट्रंकेत असतील तर तिकीट कापू नका, पाकीट अख्खे ठेवा. टाचण्या काढा, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कोणाचे, कोणाला, ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. शिक्क्याबद्दल शंका असेल तर हजरतगंजच्या जीपीओत तिकीट-संग्राहकांचा विभाग आहे, तिथे विचारता येते. आणि मुलांना तिकिटांचा छंद जरूर लावा, फक्त ब्लेड हातात देऊ नका.

मामाचे पत्र मी आता प्लास्टिकच्या कव्हरात ठेवले आहे, भोकासकट. माझगाव डॉकमध्ये त्या काळी काम केलेले कोणी आपल्या नात्यात असतील तर मला जरूर सांगा. एखादे नाव जरी कळले तरी ते मी त्या पत्राशेजारी लिहून ठेवीन.