उत्प्रेरकांचा संगणकीय शोध

रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवणारे, पण स्वतः खर्ची न पडणारे पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. ते हुडकण्याची जुनी रीत चिकाटीची होती. अमोनियासाठी स्वस्त उत्प्रेरक शोधताना जर्मनीत बीएएसएफ कंपनीच्या आल्विन मिटाश यांच्या चमूने १९०९ नंतर हजारो मिश्रणे तपासली, तेव्हा कुठे लोहावर शिक्कामोर्तब झाले.

आता चाचणीआधी गणित येते. वॉल्टर कोन यांनी १९६४-६५ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेल्या घनता-फलन सिद्धांतामुळे सगळ्या इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित घनतेवरून पदार्थाची ऊर्जा काढता येते. कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते यासाठीच.

या पद्धतीचे सर्वांत देखणे उदाहरण मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे. पाण्यापासून हायड्रोजन मिळवायला प्लॅटिनम उत्तम, पण महाग. हायड्रोजनचा अणू पृष्ठभागाला फार घट्ट चिकटला तर सुटत नाही, फार सैल असला तर टिकत नाही. २००५ मध्ये डेन्मार्कमधील येन्स नोर्स्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवले, की या संयुगाच्या थरांच्या कडांवर ही पकड जवळजवळ नेमकी असते. २००७ मध्ये प्रयोगांत अभिक्रियेचा वेग खरोखरच कडांच्या लांबीच्या प्रमाणात भरला.

अशी गणिते मात्र वेळखाऊ असतात. म्हणून ‘ओपन कॅटॅलिस्ट’सारख्या, २०२० मध्ये खुल्या झालेल्या संचातील कोट्यवधी गणितांवर संगणकाला शिकवले जाते, मग अंदाज झटपट मिळतो. शिकवणीत नसलेल्या पदार्थांबाबत तो अधिक चुकतो. कारखान्यातील उष्णता, दाब आणि अशुद्धी सोसून उत्प्रेरक किती काळ टिकेल, हे अजूनही प्रत्यक्ष चाचणीतच कळते.