पॅरामेडिकांचे प्राथमिक आरोग्यसेवेतील पदव्युत्तर प्रशिक्षण

पॅरामेडिकांचे प्राथमिक आरोग्यसेवेतील पदव्युत्तर प्रशिक्षण हे नोंदणीकृत पॅरामेडिकांना रुग्णवाहिकेबाहेरील कामासाठी, म्हणजे जनरल प्रॅक्टिशनरचा (जी.पी.) दवाखाना, रुग्णाचे घर, वृद्धाश्रम व तातडीचे उपचार केंद्र येथील कामासाठी तयार करणारे विद्यापीठीय शिक्षण आहे. ते सर्वाधिक विस्ताराने युनायटेड किंग्डममध्ये विकसित झाले असून प्रस्तुत लेखात प्रामुख्याने तेथील, विशेषतः इंग्लंडमधील, व्यवस्थेची माहिती दिली आहे.

संज्ञा

भारतात ‘पॅरामेडिकल’ हा शब्द प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृह साहाय्यक अशा अनेक कर्मचाऱ्यांसाठी सरसकट वापरला जातो. ब्रिटनमध्ये ‘पॅरामेडिक’ म्हणजे रुग्णालयापूर्वीच्या तातडीच्या उपचारांचे शिक्षण घेतलेला स्वतंत्र व्यावसायिक. ही पदवी कायद्याने संरक्षित असून हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय ती लावता येत नाही. ‘प्रगत पॅरामेडिक’ या नावाला मात्र असे कायदेशीर संरक्षण नाही. त्यामुळे ते नाव लावणाऱ्याने नेमके कोणते शिक्षण घेतले आहे, हे नावावरून कळत नाही.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधील रुग्णवाहिका सेवा १९७४ मध्ये स्थानिक प्रशासनाकडून राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे (एन.एच.एस.) आली. रुग्णाला शक्य तितक्या लवकर रुग्णालयात पोहोचवणे, हेच तिचे काम दीर्घकाळ मानले गेले. परंतु ९९९ या क्रमांकावर येणाऱ्या दूरध्वनींपैकी थोडेच जीवघेण्या प्रसंगांचे असतात. पडलेली वृद्ध व्यक्ती, वाढलेला दमा, लघवीचा जंतुसंसर्ग, मानसिक अस्वास्थ्य, मरणासन्न रुग्णाच्या वेदना अशा कारणांसाठीच रुग्णवाहिका अधिक वेळा बोलावली जाते. अशा रुग्णांना रुग्णालयात नेल्याने त्यांचे हित साधतेच असे नाही. दुर्बल वृद्ध रुग्णाच्या बाबतीत काही दिवस खाटेवर पडून राहणेही अपायकारक ठरू शकते.

या जाणिवेतून २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘इमर्जन्सी केअर प्रॅक्टिशनर’ हे पद निर्माण झाले. पीटर ब्रॅडली यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या २००५ च्या शासकीय अहवालाने रुग्णवाहिका सेवेकडे केवळ वाहतूक म्हणून न पाहता रुग्णापर्यंत उपचार नेणारी सेवा म्हणून पाहावे, अशी भूमिका घेतली.

या भूमिकेला आधार देणारी एक महत्त्वाची चाचणी शेफील्ड येथे झाली. साठ वर्षे व त्यावरील ३,०१८ रुग्णांचा तीत समावेश होता. किरकोळ दुखापत वा आजारासाठी ९९९ ला दूरध्वनी करणाऱ्या या रुग्णांकडे काही आठवडे विशेष प्रशिक्षित पॅरामेडिक उपलब्ध होते, तर काही आठवडे नेहमीचीच सेवा होती. कोणता आठवडा कोणत्या गटात येईल, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले होते. २००७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २८ दिवसांत आपत्कालीन विभागात जाणाऱ्यांचे प्रमाण प्रशिक्षित पॅरामेडिकांच्या गटात ६२.६ टक्के, तर नेहमीच्या सेवेत ८७.५ टक्के होते. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण अनुक्रमे ४०.४ व ४६.५ टक्के होते. दोन्ही गटांतील मृत्युदरात लक्षणीय फरक आढळला नाही. शिक्षणात थोडीशी भर घातल्यानेही निर्णय बदलू शकतात, हे यातून दिसले; मात्र ही चाचणी एका शहरातील व वृद्ध रुग्णांपुरती होती.

अभ्यासक्रम

पॅरामेडिकाचे मूळ शिक्षणही या काळात बदलले. पूर्वी रुग्णवाहिका सेवेतच अल्पकालीन प्रशिक्षण घेऊन या व्यवसायात येता येत असे. नियामक संस्थेने २०१८ मध्ये नोंदणीसाठी पदवी हा किमान स्तर ठरवला व २०२१ पासून तो लागू झाला. पदवीच्या पुढील शिक्षण ब्रिटिश पात्रता चौकटीच्या सातव्या स्तरावर, म्हणजे पदव्युत्तर स्तरावर, दिले जाते. त्यात ६० श्रेयांकांचे प्रमाणपत्र, १२० श्रेयांकांची पदविका व १८० श्रेयांकांची पदव्युत्तर पदवी असे टप्पे असून विद्यार्थी बहुधा नोकरी सांभाळून ते पूर्ण करतात. नियोक्त्याच्या साहाय्याने ‘शिकाऊ उमेदवारी’च्या मार्गानेही ही पदवी घेता येते.

इंग्लंडमध्ये २०१७ मध्ये जाहीर झालेल्या बहुव्यावसायिक चौकटीनुसार प्रगत पातळीवरील कामाचे चार आधारस्तंभ मानले जातात : प्रत्यक्ष रुग्णसेवा, नेतृत्व व व्यवस्थापन, अध्यापन, आणि संशोधन. प्रत्यक्षात विद्यार्थ्यांचा बहुतेक वेळ पहिल्या स्तंभावर खर्च होतो.

या शिक्षणातील खरी अडचण नवी कौशल्ये आत्मसात करण्यापेक्षा विचारपद्धती बदलण्यात असते. रुग्णवाहिकेत पॅरामेडिक सर्वांत वाईट शक्यता आधी गृहीत धरतो व शंका असल्यास रुग्णाला रुग्णालयात नेतो. दवाखान्यात तसे वागल्यास दिवसभरातील निम्मे रुग्ण रुग्णालयात पाठवावे लागतील. तेथे आजार बहुधा सुरुवातीच्या अवस्थेत, अस्पष्ट स्वरूपात समोर येतो. तापाचे कारण त्या दिवशी कळतेच असे नाही. म्हणून अनिश्चितता बाळगून रुग्णाला घरी ठेवण्याचा निर्णय कसा घ्यावा, हा अभ्यासक्रमाचा गाभा ठरतो. कोणती लक्षणे दिसल्यास, किती वेळात व कोणाशी संपर्क साधावा, हे रुग्णाला नेमकेपणाने सांगून त्याची नोंद ठेवण्याच्या पद्धतीला ‘सेफ्टी नेटिंग’ म्हणतात. तिच्यावर विशेष भर दिला जातो.

याखेरीज सविस्तर संवादाच्या पद्धती, कान, त्वचा व सांध्यांची तपासणी, रक्ततपासण्यांचे अर्थ लावणे, तापाने आजारी असलेल्या बालकाचे मूल्यांकन, वार्धक्यातील दुर्बलतेचे मोजमाप, अनेक औषधे एकत्र घेण्याचे दुष्परिणाम, दीर्घकालीन विकार, मानसिक आरोग्य आणि आयुष्याच्या अखेरच्या काळातील शुश्रूषा हे विषय असतात. प्रत्यक्ष काम अनुभवी जी.पी. किंवा प्रगत व्यावसायिकाच्या देखरेखीखाली करावे लागते.

औषधे लिहून देण्याचा अधिकार

पॅरामेडिकांना ठरावीक तातडीची औषधे स्वतःच्या अधिकारात देण्याची मुभा पूर्वीपासून होती. परंतु दवाखान्यात रुग्ण तपासून झाल्यावर साध्या प्रतिजैविकाच्या चिठ्ठीवरही डॉक्टरची स्वाक्षरी घ्यावी लागे. त्यामुळे डॉक्टरचा वेळ वाचवण्याचा हेतूच काहीसा फोल ठरत असे. १ एप्रिल २०१८ पासून कायद्यात बदल होऊन, प्रगत पातळीवर काम करणाऱ्या व मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या पॅरामेडिकांना स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळाला. नियंत्रित औषधे तेव्हा वगळली होती. ३१ डिसेंबर २०२३ पासून मॉर्फिन, कोडीन, डायझेपाम, लोराझेपाम व मिडाझोलाम या पाच औषधांना ठरावीक स्वरूपांत परवानगी देण्यात आली. मॉर्फिनची परवानगी विशेषतः घरी अखेरचे दिवस काढणाऱ्या रुग्णांच्या वेदनाशमनासाठी महत्त्वाची आहे. आजारपणाच्या रजेसाठीचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार १ जुलै २०२२ पासून परिचारिका, औषधनिर्माते, भौतिकोपचारतज्ज्ञ व व्यवसायोपचारतज्ज्ञांना मिळाला. त्या यादीत पॅरामेडिकांचा समावेश करण्यात आला नाही.

दवाखान्यांतील नेमणुका व वाद

इंग्लंडमध्ये जुलै २०१९ पासून सुमारे ३० ते ५० हजार लोकसंख्येमागे दवाखान्यांचे गट स्थापन झाले. त्यांना अतिरिक्त कर्मचारी नेमण्यासाठी शासन वेतनाची प्रतिपूर्ती करते. या योजनेत एप्रिल २०२१ पासून पॅरामेडिकांचा समावेश झाला. दवाखान्यात रुग्णाला प्रथम तपासणाऱ्या पॅरामेडिकाची पात्रता कशी पडताळावी, याचा आराखडाही त्याच वर्षी तयार करण्यात आला.

या धोरणावरील मुख्य आक्षेप असा की, दवाखान्यांतील नियमित वेळा व तुलनेने कमी शारीरिक ताण यांमुळे अनुभवी पॅरामेडिक रुग्णवाहिका सोडतात आणि अत्यवस्थ रुग्णांकडे नवखे कर्मचारी जातात. त्यावर उपाय म्हणून काही सेवांनी एकाच पॅरामेडिकाने आळीपाळीने रुग्णवाहिका, नियंत्रण कक्ष व दवाखाना येथे काम करण्याची पद्धत अवलंबली. दुसरा प्रश्न देखरेखीचा आहे. प्रशिक्षणार्थी प्रत्येक रुग्णाबाबत जी.पी.शी चर्चा करतो तेव्हा जी.पी.चा भार आरंभी कमी न होता वाढतो. हा वेळ दवाखान्याच्या वेळापत्रकात राखून ठेवला नाही, तर शिक्षण नावापुरतेच उरते.

इतर देश

ऑस्ट्रेलियात १ डिसेंबर २०१८ पासून पॅरामेडिकांची राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली. कॅनडात नोव्हा स्कोशिया प्रांतातील लाँग व ब्रायर या बेटांवर, जेथे डॉक्टर मिळणे कठीण होते, पॅरामेडिक व नर्स प्रॅक्टिशनर यांनी मिळून चालवलेली सेवा सामुदायिक पॅरामेडिक कार्याचे उदाहरण म्हणून वारंवार उद्धृत केली जाते.

भारतात अशी स्वतंत्र शाखा रूढ नाही. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेत वाहनावर डॉक्टर नेमला जातो. उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकारी हे पद परिचारिका किंवा आयुर्वेद पदवीधर यांना सहा महिन्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमानंतर दिले जाते. तातडीच्या सेवेतील पॅरामेडिकांचा समावेश २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत करण्यात आला आहे.