बंजाऱ्यांचे बैल आणि भाठ्यावरचे गवत

फौजेत आयुष्य घालवलेला माणूस आज गवतावर का बोलतोय, असे वाटेल. पण आज फौजेत डिझेलचा जसा हिशेब ठेवतात, तसा पूर्वी गवताचा ठेवावा लागे. शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना लिहिलेले पत्र पाहा. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण बेफिकिरीने संपवाल तर ऐन पावसात घोडी मरतील, मग लोक रयतेच्या घरात शिरतील, अशी त्यात स्पष्ट ताकीद आहे. पावसाळ्याचा हा मुद्दा ध्यानात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता रायपूरला येऊ. गोल बाजार इथल्या मराठी घरांनाही चांगला ओळखीचा. भांडी, मसाले, पूजेचे सामान, आणि बहारी, म्हणजे आपला झाडू. बाजाराजवळच बंजारी चौक आहे. रेल्वे येण्यापूर्वी छत्तीसगढचे धान्य बाहेर जाई आणि मीठ आत येई ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर. या बैलांना चारा विकत कोण घालणार? तांडा जिथे उतरे तिथे ते चरत. नागपूर-रायपूर ही सुमारे तीनशे किलोमीटरची वाट चालू होती ती गावोगावच्या गवतावर. १८८२ मध्ये नागपूरकडून रेल्वे राजनांदगावपर्यंत आली, पुढे रायपूरलाही पोहोचली, आणि तांडे मोडले.

तांडे गेले, तरी गावची गुरे होतीच. छत्तीसगढमध्ये उंचवट्यावरच्या मुरमाड, लालसर जमिनीला 'भाठा' म्हणतात. तिथे भात होत नाही, गवत होते. रायपूरचे नवे बसस्थानक ज्या भाठागावात आहे, त्या गावाच्या नावातच हा भाठा आहे. (बसची वाट पाहताना हे कुणाच्या मनात येत असेल असे वाटत नाही.) इंग्रजांनी मालगुजारी बसवली तेव्हा शेतसारा हे मोजमाप ठरले, सारा न देणारी जमीन कागदावर 'पडीत' झाली. गावकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे हक्क 'निस्तार' म्हणून नोंदले गेले, हे खरे. आपल्या भंडारा-चांद्याकडच्या मंडळींना हा शब्द नवा नाही. १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेतही निस्तारपत्रक आहे, गुरांसाठी राखायची 'चरनोई' आहे. पण 'पडीत' हा शब्द डोक्यातून गेला नाही.

गडबड होते ती महिन्यांची. पाहणीला साहेब येतात एप्रिल-मेमध्ये. भाठा तेव्हा उघडा, तापलेला; गुरे कापणी झालेल्या शेतांत मोकळी फिरत असतात. साहेब लिहितात, 'निरुपयोगी'. जुलैत जाऊन बघा. सगळीकडे रोपणी, बांधापर्यंत पाणी. गावची सगळी गुरे, राऊतांनी हाकलेली 'बरदी', उभी राहणार कुठे? त्याच भाठ्यावर. आणि नेमक्या जुलैतच तिथे खड्डे खणून झाडे लावतात आणि तारेचे कुंपण घालतात. झाडे लावणे हे पुण्य आहे, पण माळावर जबरदस्तीने लावलेले झाड गवत मारते आणि राऊताची मजुरीही.

केवळ रेघ ओढून संरक्षण होत नाही, हे आपण सोलापूरकडे पाहिले आहे. माळढोकासाठी १९७९ मध्ये तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात शेते आली, गावे आली, आणि पक्षी लोकांना अडचण वाटू लागला. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ वर आणावे लागले. माळढोक आता महाराष्ट्रात जवळजवळ दिसतच नाही.

छत्तीसगढला अजून वेळ आहे. इथे कच्छचे रबारी मेंढ्या आणि उंट घेऊन फिरतात. कापणीनंतर शेतकरी त्यांना शेतात बसवून घेतो, खत मिळते म्हणून. पावसाळ्यात मात्र त्यांना कोणी उभे करत नाही. एखाद्या गावच्या भाठ्याचा अभ्यास करायचा तर आधी राऊताला आणि रबाऱ्याला विचारावे लागेल, कोणत्या महिन्यात कुणाची किती जनावरे कुठे असतात. ती नोंद पटवाऱ्याच्या वहीत नाही.