लाँग बीचवरचे राखणदार

मुंबईहून समुद्रमार्गे दक्षिणेला निघा आणि जात राहा. विषुववृत्त मागे पडेल, ऊब सरेल आणि जवळपास मुंबईच्याच रेखांशावर बर्फाने झाकलेलं हर्ड बेट दिसेल. साल 1873, महिना ऑक्टोबरचा. दोन हिमनद्या पायी ओलांडून तुम्ही लाँग बीचवर आलात, कारण इथे बोट लागत नाही. तुमच्या हातात आसूड आहे, हत्ती सीलच्याच कातड्याचा.

आधी वास येतो. ओले केस, विष्ठा, आंबलेलं दूध. मग आवाज: हत्ती सीलचा नर आपली लोंबती सोंड फुगवून असा डरकाळतो की तुमच्या बरगड्या थरथरतात. किनाऱ्यावर वाळू दिसतच नाही, नुसती अंगंच अंगं. माद्यांच्या घोळक्यात काळी पिल्लं केकाटताहेत. जपून चाला! दोन नर छाती भिडवून एकमेकांना सुळ्यांनी फाडताहेत आणि तीन टनांच्या त्या अंगाखाली पिल्लूसुद्धा चिरडतं.

पायाशी एक मादी आहे. पिल्लू तिला चिकटून दाट, चरबीदार दूध ओढतंय. सुमारे तीन आठवडे ती काहीही न खाता त्याला पाजेल. ती वाळत जाईल, पिल्लाचं वजन तिपटीवर जाईल. कातडीखालची चरबी हीच तिची शिदोरी. त्याच चरबीसाठी तुम्हाला इथे ठेवलंय.

रात्री तुम्ही जमिनीत खणलेल्या खोपटात शिरता. शेकोटीत पेंग्विनची कातडी चरचरतात, धुराने डोळे झोंबतात. जेवणातही पेंग्विनच. कपड्यांत, केसांत, घशात तेलकट काजळी बसलीय. तीन वर्षांची बोली आहे. जहाज वर्षातून एकदाच फिरकतं.

पहाटे मुकादमाची हाक येते. आसूड कडाडतो. समोरचा नर जबडा वासून तुमच्या अंगावर उष्ण, कुबट श्वास सोडतो. पुन्हा फटका. शेवटी तो अळीसारखा आकसत-पसरत पाण्याकडे सरकतो, दम खायला थांबतो, पुन्हा सरकतो. लाटेत शिरला की तोच अवजड जीव झरकन नाहीसा होतो. अर्धा-अर्धा तास श्वास रोखून तो खोल अंधारात स्क्विड आणि मासे शोधतो. तिथे त्याला कुणी गाठू शकत नाही.

पण वीण जमिनीवरच होते, म्हणून तो दुसरा किनारा शोधणार. भूशिराच्या पलीकडे बोटी लागतात. तिथे भाले, सुरे आणि उकळत्या लोखंडी काहिली वाट पाहताहेत. तेलाची पिंपं अमेरिकेला जाणार, दिव्यांसाठी, यंत्रांसाठी. या जनावरांना किनाऱ्यावर यावंच लागतं, आणि मुकादमाचा सगळा धंदा त्या एका गरजेवर उभा आहे.