विहिरीवरची बाई आणि पंडिता रमाबाई

 आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका श्रोत्यानं मला विचारलं, की हे इतिहासाचं व्याख्यान आहे की प्रवचन? प्रश्न रास्त आहे. येशूच्या चरित्रातून माणसाला आशा कशी मिळते, हा श्रद्धेचा प्रश्न झाला. पण एका विशिष्ट बाईला, एका विशिष्ट साली, त्या चरित्रातल्या नेमक्या कुठल्या प्रसंगातून ती मिळाली आणि मग तिनं काय केलं, हा मात्र इतिहासाचा प्रश्न आहे. त्याला कागदपत्रं आहेत. रमाबाईंनी 1907 साली आपली ‘साक्ष’ छापली. त्यांचा आणि इंग्लंडमधल्या जोगिणींचा पत्रव्यवहार 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केला. हे दोन्ही समोर ठेवून आज बोलायचं आहे.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांच्यावर टीका झाली. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं आणि ती यात्रा कधी संपलीच नाही. देवळात, घाटावर, झाडाखाली बसून पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर जगायचं. पैसा आला की तो दानधर्मात जायचा, कारण शास्त्र तसं सांगतं. मग 1870 च्या दशकातला दुष्काळ आला. मजुरी करावी तर शास्त्र्याच्या घरात ती कुणाला माहीत नव्हती, आणि भीक मागायची लाज. वडील उपासमारीत गेले, थोड्याच काळात आई गेली, मग थोरली बहीण. आईचं प्रेत उचलायला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण मिळाले. रमाबाई उंचीनं लहान, खांदा पुरेना, म्हणून तिरडीचं ते टोक त्यांनी डोक्यावर घेतलं. हे त्यांनीच लिहून ठेवलंय, आणि फार कोरडेपणानं लिहिलंय.

हा तपशील मी उगाच सांगत नाही. ज्या मुलीनं देशातली तीर्थं पायी पालथी घातली आणि त्या वाटेवरच घर उपाशी मेलेलं पाहिलं, तिच्या कानावर पुढे कुठली गोष्ट कशी पडली असेल, हे त्याशिवाय कळत नाही.

भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघं चालत चालत 1878 ला कलकत्त्याला पोचले. तिथं पंडितांनी परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच शहरात त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पाहिली. सगळे जण खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून काही पुटपुटत होते. या भावंडांना वाटलं, हे लोक खुर्चीची पूजा करतात! त्यांना संस्कृत बायबल भेट मिळालं. भाषा समजत होती, आशय मात्र लागला नाही. शब्द कळले म्हणजे गोष्ट कळली असं नसतं, आणि हे संस्कृतच्या पंडितेच्या बाबतीत घडावं, यात मला गंमत वाटते.

बायकांपुढे स्त्रीधर्मावर बोला, असं तिथल्या मंडळींनी सुचवलं, म्हणून त्यांनी धर्मशास्त्रं नीट वाचायला घेतली. त्यांना दिसलं ते असं, की हे ग्रंथ बहुतेक गोष्टींत एकमेकांशी भांडतात, पण बाईची जात वाईट आणि पुरुषाचा जन्म मिळाल्याशिवाय तिला मोक्ष नाही, एवढ्यावर त्यांचं एकमत आहे. आता हे त्यांचं वाचन. कुणी म्हणेल एकांगी आहे. पण बाहेरच्या कुणी हे त्यांच्या कानात भरवलं नव्हतं. मूळ संस्कृत समोर घेऊन त्या स्वतः तिथं पोचल्या होत्या.

पुढचं भराभर सांगतो. 1880 ला भाऊ वारला. त्याच साली त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. तो शूद्र मानल्या गेलेल्या जातीतला, ही ब्राह्मण, त्यामुळे दोघंही समाजाबाहेर. 1881 ला मनोरमा झाली, 1882 च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्यानं गेला. मधल्या काळात आसामात, सिल्चरला, नवऱ्याच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि ती त्यांनी आवडीनं वाचली. मग पुणे, आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढची साक्ष. 1883 ला इंग्लंड.

इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. उतरल्या वाँटेज गावी, सेंट मेरी द व्हर्जिन या जोगिणींच्या मठात. ऐकायला कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा बेत बारगळला. बरोबर आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिनं तिथंच आत्महत्या केली. आपल्याला जबरदस्तीनं ख्रिस्ती करतील या भीतीनं तिला पछाडलं होतं, असं मॅक्स म्यूलरनं लिहिलंय. ही घटना बाजूला ठेवून रमाबाईंच्या धर्मांतराची गोड गोष्ट सांगता येत नाही, आणि कुणी सांगू नये.

तर याच दिवसांत जोगिणींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं. तिथं ‘वाट चुकलेल्या’ म्हणवल्या जाणाऱ्या बायकांसाठी एक आश्रम होता. रमाबाईंनी पाहिलं, की ज्यांना आपल्याकडे गावाच्या वेशीत उभं केलं नसतं, त्या बायका इथं आजाऱ्यांची सेवा करतायत. व्यभिचारी स्त्रीला चारचौघांत कुत्र्यांकडून फाडवावं, असं मनुस्मृतीत आहे, ते त्यांना पाठ होतं. त्यांनी एका जोगिणीला विचारलं, तुम्ही हे का करता? तिनं बायबल उघडून योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी स्त्रीची गोष्ट.

ती गोष्ट आपण जरा सावकाश बघू. भर दुपार. याकोबाची विहीर. येशू दमून काठावर बसलाय, शिष्य गावात अन्न आणायला गेलेत. एक बाई घागर घेऊन येते. तो तिला म्हणतो, मला प्यायला पाणी दे. ती चमकते. तू यहुदी, मी शोमरोनी बाई, आणि तू माझ्याकडे पाणी मागतोस?

युरोपातल्या वाचकाला इथं तळटीप लागते. यहुदी आणि शोमरोनी यांचं वैर, गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं देऊळ इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात यहुदी राज्यकर्ता हिर्कानसनं पाडलं तो इतिहास, भांड्यांचा विटाळ, हे सगळं समजावून द्यावं लागतं. मराठी माणसाला काय समजावणार? ‘त्यांचं पाणी आम्हाला चालत नाही’ हे वाक्य या प्रांतात किती पिढ्यांनी ऐकलं? पाणवठे वेगळे, ओंजळीत वरून पाणी ओतायचं, हे सगळं डोळ्यांसमोरचं. जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला त्याला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. म्हणजे तिथं इंग्लिश जोगीण वाचत होती दयेची गोष्ट, आणि ऐकणारीला पहिल्याच वाक्यात ऐकू आली असेल विटाळाची. हा माझा तर्क आहे. त्यांनी स्वतः लिहिलंय ते एवढंच, की हिंदू धर्मात आणि ख्रिस्ताच्या शिकवणीत खरा फरक आहे हे त्या वेळी लक्षात आलं, आणि बाईचा उद्धार हाच करील असं वाटलं.

पण तर्क आणखी एक पाऊल पुढे नेतो. पुढे ती बाई विचारते, देवाची पूजा कुठं करायची, या डोंगरावर की यरुशलेमात? येशूचं उत्तर असं, की अशी वेळ येते आहे जेव्हा ना या डोंगरावर, ना यरुशलेमात. ज्यांचं बालपण एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला चालण्यात गेलं, त्या रमाबाईंना हे कसं लागलं असेल? धर्मशास्त्रज्ञ या वाक्यावर बरंच काही लिहितात. मला मात्र तिथं ते तिरडीचं टोक दिसतं. आणखी एक. त्या बाईचे पाच नवरे झालेत, सहावा नवरा नाही. येशू हे बोलून दाखवतो, पण तिला हाकलत नाही, प्रायश्चित्तही सांगत नाही. उलट तिच्याशी तत्त्वचर्चा करतो. परत आलेले शिष्य आश्चर्य करतात ते तो बाईशी बोलतोय याचं. शास्त्रार्थ करणाऱ्या बाईला यातलं काय भावलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

29 सप्टेंबर 1883 ला रमाबाईंनी छोट्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांच्या पत्रांचा त्यात मोठा वाटा होता. पुण्यात खळबळ उडाली. फुल्यांनी मात्र ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली.

इथं साधारणपणे गोष्ट संपवतात. बाई ख्रिस्ती झाली, मिशनरी जिंकले. पत्रव्यवहार वाचला तर काय दिसतं? भांडणं! चर्चनं सांगितलेलं सगळं मानायला त्या तयार नव्हत्या. त्रैक्याचा सिद्धान्त पटत नव्हता, येशूच्या देवत्वाबद्दल शंका होती, आणि त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं. भेट मिळालेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, त्यांनी विचारलं, माझ्या लोकांना न कळणारी भाषा कशाला? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार म्हटल्यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, की अशानं देशात त्यांचा मान जाईल. मी भर सभांतून पुरुषांपुढे बोलत आले, असं रमाबाईंचं उत्तर. शाकाहारही त्यांनी सोडला नाही, सिस्टर जेराल्डिनला तो जातीचा गर्व वाटायचा. थोडक्यात, ब्राह्मणांपुढे जी बाई वाकली नाही, ती बिशपांपुढेही वाकली नाही. त्यांनी येशू घेतला, त्याच्याबरोबर येणारा सगळा संसार नाही घेतला.

आणि त्या स्वतः पुढे काय म्हणतात? बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवलं, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे आत्मनिवेदन आहे, पुरावा म्हणून ते जपूनच वापरावं लागतं. माणूस मागे वळून पाहताना आपल्या आयुष्याला पायऱ्या पाडतोच. पण तारखा बघा. मध्ये 1886 ला अमेरिका, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला हजेरी, 1887 ला ‘हाय कास्ट हिंदू वुमन’, 1889 ला मुंबईत शारदा सदन. विधवांसाठी एवढं उभं राहिलं ते त्यांच्या मते ‘ख्रिस्त सापडण्याच्या’ आधी. म्हणजे आशा आली विहिरीवरच्या गोष्टीतून, काम त्या आशेवर सुरू झालं, आणि वैयक्तिक शांती फार उशिरा आली. क्रम आपण समजतो त्याच्या उलटा आहे.

त्या शांतीची किंमतही मोठी होती. शारदा सदनात धर्माची सक्ती नाही, असं वचन होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं ठेवायच्या, मुली येऊन बसायच्या. 1893 ला वाद पेटला, ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. मला विचाराल तर दोन्ही बाजूंना आधार होता. सल्लागारांना फसवलं गेल्यासारखं वाटलं, ते खोटं नव्हतं. आणि विधवेनं कुठल्या खोलीत बसावं हे तिनं ठरवायचं नाही तर कुणी, हाही प्रश्न खोटा नव्हता.

मग 1896-97 चा दुष्काळ. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे 300 मुली आणि बायका आणल्या. प्लेगच्या नियमांमुळे पुण्यात ठेवता येईनात, तेव्हा केडगावच्या माळावर तंबू ठोकले. तेच पुढे मुक्ती सदन. आपण दुष्काळात मरता मरता वाचलो, ही आठवण त्यांनीच यामागे सांगितली आहे. सरकारचंही त्यांनी ऐकून घेतलं नाही. 1897 ला प्लेगच्या इस्पितळातल्या कारभाराबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं, तेव्हा काल विरोधात असलेल्यांनाही ते उपयोगी पडलं.

केडगावात पुढे एक वेगळं घर झालं, कृपा सदन. कुणासाठी? फुलहॅमला पाहिल्या होत्या तशाच बायकांसाठी. मध्ये पंधरा-सोळा वर्षं गेली होती. आंधळ्या बायकांच्या घराचं नाव बर्तमी सदन, येशूनं दृष्टी दिलेल्या बर्तीमयावरून. तिथं ब्रेल शिकवत. बाकी सुतारकाम, विणकाम, तेलघाणा, शेती, छापखाना. तो छापखाना बायकाच चालवायच्या.

त्या छापखान्यातच शेवटचं काम झालं. आधीच्या मराठी बायबलची भाषा त्यांना पटत नव्हती. संस्कृत तत्त्वज्ञानातले शब्द आले की त्यांच्याबरोबर त्या तत्त्वज्ञानाचा अर्थही आत येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? आणि केडगावच्या शेतकरी पोरींना ती भाषा उमजायचीही नाही. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळातून भाषांतर करायला बसल्या. कलकत्त्यात ज्यांना संस्कृत बायबल वाचून अर्थ लागला नव्हता, त्या आता कुठल्याही पोरीला लागावा असं बायबल लिहीत होत्या. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली, एकुलती एक. काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, आणि पूर्ण मराठी बायबल 1924 ला केडगावहून बाहेर आलं.

त्या भाषांतराच्या मराठीबद्दल, त्यात कुठले शब्द त्यांनी टाळले आणि का, याबद्दल बोलायचं तर वेगळा तास लागेल. आज वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर विचारा.