मोटेची धाव : शिरूर-दौंड परिसरातील विहीर-सिंचन आणि उताराचे बलविज्ञान

पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकात उतारावर ठेवलेला लाकडी ठोकळा हमखास भेटतो. त्याच्या वजनाचे दोन घटक करावेत, घर्षणांक घ्यावा आणि ठोकळा घसरेल की नाही ते ठरवावे, एवढीच विद्यार्थ्याकडून अपेक्षा असते. घोड व भीमा या नद्यांच्या परिसरातील शेतकऱ्याला हे गणित विहिरीच्या काठावर दररोज सोडवावे लागत असे. मोट ओढणारे बैल ज्या उतरत्या वाटेने चालत, तिला 'धाव' म्हणतात. नाड्याला बांधलेली कातडी मोट चाकावरून वर येई, सोंदूर ताणला की तिची सोंड थारोळ्यात रिती होई आणि बैल मागे सरत पुन्हा विहिरीकडे चढत.

धाव उतरती का, याचे सर्वसाधारण उत्तर 'बैलांना सोपे जावे म्हणून' असे दिले जाते. ते अपुरे आहे. उदाहरणादाखल बैलजोडीचे वजन 700 किलो, भरलेल्या मोटेचे 170 किलो, विहिरीची खोली 10 मीटर व उतार 10 अंशांचा धरावा; चाकाचे घर्षण तूर्त सोडून द्यावे. सपाट जमिनीवर बैलांच्या खुरांना जमिनीकडून 170 किलोभाराइतके घर्षणबल मिळवावे लागले असते. उतारावर त्यांच्या वजनाचा सुमारे 120 किलोभाराचा घटक मोट ओढतो. खुरांना उरलेले 50 पुरतात. येथे घर्षण अडथळा नसून आधार आहे, ही गोष्ट ठोकळ्याच्या उदाहरणात सहसा लक्षात येत नाही.

मात्र श्रम वाचत नाहीत. मोट वर आणण्याचे काम 1700 किलोग्रॅम-मीटर. त्यातील 500 बैल उतरताना करतात आणि 1200 रिकाम्या मोटेसह चढताना, स्वतःचे वजन उचलून. उतार 14 अंशांचा केला तर उतरताना जवळजवळ काहीच करावे लागणार नाही. पण चढताना वजनाच्या पाव भागाइतके घर्षण लागेल, आणि तेही मागे सरणाऱ्या जनावराला. सांडलेल्या पाण्याने धाव ओली झाली की खूर घसरणार. त्यामुळे धाव फार तीव्र करून चालत नसे. मोट हाकणारा उतरताना नाड्यावर बसे, तेव्हा त्याचेही वजन ओढण्याच्या कामी येई.

या गणितात बैल हा केवळ प्रेरकबल देणारा नव्हे, तर वजन पुरवणारा घटकही आहे. म्हणून विहीर खणणे पुरेसे नव्हते. जोडी असणे तितकेच निकडीचे होते. आजच्या दौंड तालुक्याचा बराच भाग एकोणिसाव्या शतकात भीमथडी तालुक्यात मोडत असे. 1875 च्या मे महिन्यात सुपे येथे सावकारांविरुद्ध उद्रेक झाला आणि तो भीमथडी व शिरूर तालुक्यांतील गावांत पसरला. कर्जरोखे जाळणे हा त्यातील मुख्य प्रकार होता. पाठोपाठ 1876-78 चा दुष्काळ आला. चाऱ्याअभावी बैल गेलेल्या घरी विहिरीत पाणी उरले असले तरी ते वर येण्याचा मार्ग उरत नव्हता. दुबळ्या बैलांचे घटलेले वजनही मोटेला भोवले असणार. 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा कर्जाच्या व्यवहारापुरता होता, तर 1883 च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने विहिरींसारख्या कामांना तगाईची तरतूद केली. विहिरीला अशी तगाई मिळाली तरी बैलजोडीचा खर्च वेगळाच राही.

पुढे किर्लोस्करवाडीचे पंप, तेलावरची इंजिने व नंतर वीज आली. घोड नदीवरील चिंचणीचे धरण, चासकमान व मुठा कालव्यांमुळे काही गावांचे विहिरीवरचे अवलंबित्व कमी झाले. पंपाला उतार लागत नाही. त्यामुळे धावेची जागा नांगरली जाऊ शकली आणि बांधीव विहिरींच्या काठावर चाकाचे दगडी आधार तेवढे उभे राहिले.