सुभाष गुप्ते : फिरकी थांबल्यानंतरची चाळीस वर्षं

ट्रेनमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही टाकतोय.

मी भिवंडीजवळच्या पूर्णा गावात राहतो. आमच्याकडे शेतं कमी आणि गोदामं जास्त. तुम्ही मोबाईलवर मागवलेलं पार्सल कदाचित इथूनच निघालं असेल. ते उचलणारी, लावणारी, गाडीत भरणारी बरीच मुलं उत्तर प्रदेश-बिहारची. त्यांना सगळे एकच प्रश्न विचारतात, ‘गाव कब जाओगे?’ इथे त्यांचं काय चाललंय, घर कसं उभं राहतंय, हे फारसं कुणी विचारत नाही. गाव सोडलेल्या माणसाची गोष्ट आपण गाव सुटलं तिथेच थांबवतो.

आज अशाच थांबवलेल्या एका गोष्टीबद्दल बोलू. माणूस मुंबईचा, मराठी, आणि घर केलं थेट कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर. नाव, सुभाष गुप्ते.

तुमच्यापैकी अनेकांनी हे नाव ऐकलंही नसेल, म्हणून आधी क्रिकेट. जन्म ११ डिसेंबर १९२९, मुंबई. लेगस्पिनर. गुगली एक नाही, दोन प्रकारची. ३६ कसोटींत १४९ विकेट. १९५५-५६ला न्यूझीलंडविरुद्ध एकाच मालिकेत ३४. डिसेंबर १९५८मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजचे १० पैकी ९ फलंदाज एकट्याने बाद केले, १०२ धावांत. उरलेली एक विकेट वसंत रांजणेंची. आपण पाहिलेल्या लेगस्पिनरांमध्ये गुप्ते सर्वांत भारी, असं गॅरी सोबर्स पुढे कायम सांगत राहिले. शेन वॉर्नला पाहिल्यावरही त्यांचं मत बदललं नाही. आता बोला!

या गोष्टीतलं पहिलं वळण १९५३चं. भारताचा संघ पहिल्यांदाच वेस्ट इंडीजला गेला होता. समोर वॉरेल, वीक्स, वॉलकॉट. वीक्स यांनी त्या मालिकेत ७१६ धावा ठोकल्या. त्याच मालिकेत गुप्तेंनी २७ विकेट काढल्या. त्रिनिदादच्या लोकांनी त्यांना आपल्या विल्फ्रेड फर्ग्युसन या लेगस्पिनरवरून ‘फर्गी’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव जन्मभर चिकटलं. त्याच दौऱ्यात त्यांची तिथल्या एका मुलीशी ओळख झाली. पुढे तिच्याशीच लग्न झालं.

मुलगी भारतीय वंशाच्या घरातली. आता त्रिनिदादमध्ये भारतीय घरं कुठून आली? ३० मे १८४५ला ‘फातेल रझाक’ नावाचं जहाज कलकत्त्याहून तिथे पोचलं. त्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती. गुलामगिरी बंद झालेली, उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. करार करून माणसं नेली, म्हणून ‘गिरमिटिये’. एग्रीमेंटचं झालं गिरमिट. १९१७पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून जास्त लोक असे गेले. त्यातले बहुतेक कुठले? आजच्या उत्तर प्रदेश-बिहारचे. म्हणजे आमच्या गोदामांत आज जी मुलं काम करतात ना, त्यांच्याच मुलखातले. त्रिनिदादमध्ये आजही फगवा खेळतात, दिवाळी करतात, दालपुरी खातात. मराठी माणूस मात्र तिथे विरळाच, कारण ती जहाजं मुंबईहून सुटत नव्हती.

आता दुसरं वळण. डिसेंबर १९६१, दिल्ली, इंग्लंडविरुद्धची कसोटी. गुप्तेंना नुकतंच तेहतिसावं वर्ष लागलेलं. हॉटेलात त्यांच्या खोलीत कृपालसिंग हे दुसरे खेळाडू होते. कृपालसिंग यांनी खोलीतल्या फोनवरून रिसेप्शनिस्टला आपल्यासोबत ड्रिंक घ्यायला यायचं विचारलं. तिने तक्रार केली. तिची तक्रार रास्तच होती. पण कारवाई झाली दोघांवर. एकाने फोन केला म्हणून, दुसरा त्या खोलीत राहत होता म्हणून! गुप्ते पुन्हा कधीच कसोटी खेळले नाहीत.

लगेच पुढचा दौरा कुठला होता माहितीये? १९६२, वेस्ट इंडीज. अक्षरशः सासरचा. त्या संघात गुप्ते नव्हते. भारत पाचही कसोट्या हरला.

बहुतेक लेख इथे संपतात. ‘नंतर ते त्रिनिदादला स्थायिक झाले,’ एवढं एक वाक्य टाकून मोकळे. मला त्या एका वाक्याबद्दलच बोलायचंय. कारण त्या वाक्यात जवळजवळ चाळीस वर्षं आहेत, आणि गुप्तेंची कसोटी कारकीर्द होती दहा वर्षांची!

त्या चाळीस वर्षांत काय झालं? साखर उद्योगात नोकरी केली. ज्या उसापायी गिरमिटिये तिथे नेले गेले, त्याच उसाच्या धंद्यात. मुलगा-मुलगी वाढवली. बायको इकडे आली नाही, नवरा तिकडे गेला. हेही लक्षात घ्या. १९६०च्या दशकात आपल्याकडे किती पुरुष लग्नानंतर बायकोच्या गावी कायमचे राहायला जात होते? ‘घरजावई’ हा शब्द आपण आजही टोमणा म्हणून वापरतो.

त्यांच्यावर अन्याय झाला, हे मान्यच. पण त्यांचं सगळं आयुष्य त्या एका फोनमध्ये कोंबणं हाही अन्यायच आहे. आपल्या हिशोबात माणूस तोपर्यंतच मोजला जातो, जोपर्यंत तो ‘आपल्यासाठी’ खेळतो. रोज कामावर जाणं, पोरांच्या फिया भरणं, परक्या बेटावर शेजार जोडणं, यांचा स्कोअरकार्ड कुणी ठेवत नाही. बोर्डाला आठवण आली ती खूप उशिरा. सी. के. नायडू पुरस्कार दिला, तेव्हा गुप्ते सत्तरीला टेकले होते.

३१ मे २००२ला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये त्यांचं निधन झालं. आदल्या दिवशी, ३० मेला, त्रिनिदादमध्ये सुट्टी असते. ते पहिलं जहाज लागलं त्याची आठवण, ‘इंडियन अरायव्हल डे’. अरायव्हल म्हणजे येणं. तिथले लोक येण्याचा दिवस पाळतात. आपण मात्र कोण कधी सोडून गेलं, तेवढंच लक्षात ठेवतो.

तर मंडळी, तुमच्या घरातलंही कुणी दुबईला, सुरतेला, नाहीतर मुंबईला गेलेलं असेल. पुढच्या वेळी फोन लागला की ‘कधी येतोस?’ याच्या आधी ‘तिथे कसं चाललंय?’ एवढं विचारा. आणि तुमच्या गल्लीत जो बाहेरून आलाय, त्यालाही विचारा. उत्तरं मला पाठवा, त्यातून एखादा भाग नक्की करू.

भेटू पुढच्या आठवड्यात. ऐकत राहा, वाचत राहा!